दोन सतरा सप्टेंबर

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला झेंडावंदनाच्या तीन तारखा माहीत असतात: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मुखेडच्या पोराला त्यात एक जास्तीची असते, १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाने शस्त्रं खाली ठेवली आणि हैदराबाद संस्थान संपलं. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा तेरा महिने झाले होते.

गंमत म्हणजे हीच तारीख अमेरिकेतल्या शाळांतही पाळली जाते. तिथे तो संविधान दिन. १७ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात ३९ जणांनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांनी त्या दिवशी घटनेबद्दल काहीतरी शिकवलंच पाहिजे, असा कायदा तिथे २००४ पासून आहे.

तारखा जुळणं हा निव्वळ योगायोग, त्यात फार अर्थ शोधायचं कारण नाही. पण दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक प्रश्न नीट दिसायला लागतो. एखादा प्रदेश एखाद्या देशाचा भाग होतो, तेव्हा परवानगी कोणाची घेतली जाते? आणि मुखेडच्या बाबतीत ती कोणाची घेतली?

आधी अमेरिका बघू.

१७७६ मध्ये तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकला. त्यांच्या जाहीरनाम्यातला मुख्य मुद्दा असा, की सरकारला अधिकार मिळतो तो ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीतून. देवाकडून नाही आणि वंशपरंपरेनेही नाही. आज हे वाक्य आपल्याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं वाटतं, पण तेव्हा ते भलतंच धाडसी होतं.

नंतर या तेरा राज्यांनी एक सैलसर करार केला. १७८१ मध्ये तो लागू झाला. त्यातल्या केंद्राला कर बसवता येत नव्हता, आणि करारात काना-मात्रा बदलायची तरी तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागायचा. म्हणजे एकजण जरी 'नाही' म्हणाला तरी गाडी अडली. युद्धाचं कर्ज डोक्यावर, तिजोरी रिकामी, आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं. तेव्हा 'जुन्या करारात दुरुस्त्या सुचवा' एवढंच काम देऊन प्रतिनिधींना फिलाडेल्फियात पाठवण्यात आलं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. छोटा बग फिक्स करायला बसवलेल्या टीमने दारं-खिडक्या बंद केल्या आणि चार महिन्यांत अख्खी सिस्टीम नव्याने लिहून काढली! जुन्या नियमाप्रमाणे तेरापैकी तेरा मतं लागली असती. नव्या घटनेत त्यांनी लिहून टाकलं की नऊ राज्यं पुरेत. ज्या राज्यांनी मान्यता दिली, तेवढ्यांपुरती घटना लागू.

पण आता मान्यता मागायची होती. ती राज्य सरकारांकडे न मागता, प्रत्येक राज्यात खास त्याच कामासाठी निवडलेल्या परिषदेकडे मागितली गेली. आणि ती सहज मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९. न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी लोकांचं मन वळवायला ८५ लेख लिहिले. विरोधकही कमी नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की नागरिकांच्या हक्कांची यादी कुठे आहे? ती यादी द्यायचं कबूल करावं लागलं आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या म्हणून ती आली.

यातलं सर्वात हट्टी राज्य म्हणजे ऱ्होड आयलंड. या चिमुकल्या राज्याने फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नाही. १७८८ मध्ये गावोगाव मतदान घेतलं, त्यात २३७ मतं बाजूने आणि सत्तावीसशेहून जास्त विरोधात पडली. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटलं तरी हे बाहेरच. शेवटी २९ मे १७९० ला ३४ विरुद्ध ३२ मतांनी ते आत आलं. दोन मतांच्या फरकाने! पण विचारलं गेलं, चर्चा झाली आणि मग होकार आला.

आता हैदराबाद.

संस्थान लहानसहान नव्हतं. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाख, सोळा जिल्हे, आणि भाषा तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू. त्यातले पाच जिल्हे म्हणजे मराठवाडा: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद (तेव्हाची नावं). मुखेड नांदेड जिल्ह्यात. शेजारचं उदगीर मात्र बीदर जिल्ह्यात, आणि आजचा लातूर जिल्हा तर १९८२ चा.

इथे शेवटचा शब्द फर्मानाचा. काही गावं दिवाणी म्हणजे सरकारी, काही जहागिरदारांची, काही 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीची. कायदा करणारा, राबवणारा आणि शेवटी त्याचा अर्थ सांगणारा, हे तिन्ही धागे वर जाऊन एकाच हातात येत. अमेरिकन घटनेने जे तीन ठिकाणी वाटून एकमेकांवर पहारा ठेवायला लावलं, त्याच्या बरोबर उलट.

इंग्रज जाणार म्हटल्यावर जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अलीने स्वतंत्र राहायचा इरादा जाहीर केला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला. दुसऱ्या बाजूला कासीम रझवी, हा आधी लातूरला वकिली करायचा. त्याच्या रझाकारांनी गावोगाव जो धुमाकूळ घातला, त्यामुळे त्या काळाला मराठवाड्यात 'रझाकारी' हेच नाव पडलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण झेंडावंदनाच्या भाषणात ती सहसा येत नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. यातले बहुतेक लोक रझाकार नव्हते, साधे शेतकरी-कारागीर होते. फिलाडेल्फियात मॅडिसनला जी भीती वाटत होती ती हीच. राजा गेल्यावर जुलूम आपोआप संपत नाही, बहुमतही जुलूम करू शकतं. संमतीबरोबर हक्कांची यादी लागते ती यासाठी.

आता आपला मूळ प्रश्न. मुखेडच्या माणसाला भारताची घटना मान्य आहे का, हे कोणी आणि कधी विचारलं?

दिल्लीत संविधान सभा डिसेंबर १९४६ पासून काम करत होती. तिच्यात बाकीच्या संस्थानांचे प्रतिनिधी हळूहळू येऊन बसले. हैदराबादचा एकही आला नाही. आधी निजामाने पाठवला नाही, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर तिथे लष्करी गव्हर्नर, जनरल चौधरी. घटनेवर चर्चा झाली, कलमं ठरली, मसुदा पूर्ण झाला, आणि देशातल्या सर्वात मोठ्या संस्थानातल्या दीड कोटीहून जास्त लोकांच्या वतीने त्या सभागृहात बोलायला कोणी नव्हतं.

मग घटना लागू कशी झाली? २३ नोव्हेंबर १९४९ ला एक फर्मान निघालं की भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल. फर्मान कोणाचं? त्याच निजामाचं! तीनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, संविधान सभेने घटना स्वीकारली. पुढे २६ जानेवारी १९५० पासून तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, ते थेट १९५६ पर्यंत.

थोडक्यात, ज्याच्या फर्मानशाहीविरुद्ध लोक तुरुंगात गेले, त्याच्याच शेवटच्या महत्त्वाच्या फर्मानाने लोकशाही आली. कायद्याच्या दृष्टीने दुसरा रस्ता सोपा नव्हता. जुन्या सिस्टीममध्ये अ‍ॅडमिनचे अधिकार एकाच लॉगिनला असतील, तर नवीन सिस्टीमवर जायची आज्ञाही त्याच लॉगिनवरून द्यावी लागते. पण त्यामुळे ऱ्होड आयलंडमध्ये जे ३४ विरुद्ध ३२ झालं, तसं काही मराठवाड्यात झालं नाही. लोकांना भारत हवा होता, यात शंका घ्यायचं कारण नाही. त्यासाठी लोकांनी रक्त सांडलं होतं. पण एक प्रदेश म्हणून त्यांच्या होकाराची नोंद कुठल्याही सभागृहात झाली नाही.

डॉ. आंबेडकरांनी हा फरक लपवला नव्हता. ते कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, अमेरिकन घटना त्यांना आतून माहीत. ४ नोव्हेंबर १९४८ ला, म्हणजे हैदराबाद पडल्यावर सात आठवड्यांनी, मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की भारत हे राज्यांनी आपापसात करार करून बनवलेलं संघराज्य नाही, म्हणून कुठल्याही राज्याला फुटून जायचा अधिकारही नाही. 'युनियन' हा शब्द त्यासाठीच निवडला. अमेरिकेला हाच मुद्दा ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं; आपण तो आधीच लिहून ठेवतोय, असा त्यांचा रोख होता.

इथपर्यंत वाचून वाटेल की अमेरिकेने लोकांना विचारलं आणि आपण नाही विचारलं. थांबा. अमेरिकेने 'लोक' कोणाला म्हटलं ते बघा.

१७९० च्या पहिल्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाख माणसं होती आणि त्यातली जवळजवळ ७ लाख गुलाम. त्या परिषदा निवडताना गुलामांना मत नव्हतं, बायकांना नव्हतं, आणि बऱ्याच ठिकाणी ज्याच्या नावावर मालमत्ता नाही त्याला नव्हतं. वर घटनेत कलम असं की प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. म्हणजे गुलामांच्या डोक्यांवर जागा वाढायच्या आणि त्या मिळायच्या मालकांना! गुलामगिरी गेली १८६५ मध्ये. इकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं. पण कायदा झाला तरी मत हातात यायला अजून पुष्कळ वेळ लागला. बायकांना देशभर मतदान १९२० मध्ये. दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांना कर भरल्याची पावती आणि साक्षरतेची परीक्षा अशा अडथळ्यांनी रोखून धरलं होतं, ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत.

आणि मराठवाडा? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. जहागिरदाराला एक आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्यालाही एकच. पाटलाला एक, मांगवाड्यातल्या म्हातारीलाही एकच. साक्षरतेची अट नाही, मालमत्तेची नाही. चार वर्षांपूर्वी जिथे फर्मान चालत होतं, तिथे हे झालं. त्या वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या दलित शेतमजूर बाईला मतदानाचा जो बिनशर्त हक्क मिळाला, तो मिसिसिपीतल्या काळ्या शेतमजूर बाईला प्रत्यक्षात मिळायला आणखी तेरा वर्षं लागली.

म्हणजे संमती दोन प्रकारची असते. एक प्रदेशाची आणि एक माणसाची. अमेरिकेने पहिली आधी घेतली आणि दुसरीला पावणेदोनशे वर्षं लावली. मराठवाड्याला दुसरी एका झटक्यात मिळाली आणि पहिली कोणी विचारलीच नाही.

'मत मिळालं ना, मग प्रदेशाच्या संमतीचं काय घेऊन बसलात?' असं कोणी म्हणेल. तर पुढे काय झालं ते ऐका.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. रेषा कशी आखली? उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून इकडे आले. मुखेडच्या शेजारच्या देगलूर तालुक्यातली जुक्कल आणि बिचकुंदा ही सर्कल आंध्रात गेली. नांदेड जिल्ह्यातल्याच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलही तिकडे. भैंशाच्या म्हाताऱ्याने घर न बदलता हैदराबाद संस्थान, हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि २०१४ नंतर तेलंगण अशी चार राज्यं पाहिली असतील.

घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याच्या सीमा बदलायचा, राज्य तोडायचा किंवा जोडायचा अधिकार संसदेला आहे, तोही साध्या बहुमताने. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालं.

अमेरिकेत हे चालत नाही. तिथल्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदाप्रमाणे एखाद्या राज्यातून नवीन राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाचा होकार लागतोच. १८२० मध्ये मेन हे राज्य मॅसॅच्युसेट्समधून निघालं ते असं, होकार घेऊन. अगदी यादवी युद्धाच्या धामधुमीत वेस्ट व्हर्जिनिया वेगळं काढलं, तेव्हाही संघराज्याच्या बाजूच्या व्हर्जिनिया सरकारचा होकार कागदावर आणावा लागला. शिवाय सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाख आणि कॅलिफोर्नियाची पावणेचार कोटींहून जास्त, दोघांनाही दोन. फिलाडेल्फियात लहान राज्यं अडून बसली म्हणून हा सौदा झाला. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि सिक्कीमला एक.

विचारल्याचा फायदा हा असतो. संमती मागितली जाते त्या क्षणी तुमच्या हातात काहीतरी असतं आणि त्या बदल्यात काहीतरी लेखी मिळवता येतं. लहान राज्यांनी सेनेट मिळवली, विरोधकांनी हक्कांची यादी मिळवली.

मराठवाड्याने काय मिळवलं? २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. मराठी भागांतल्या नेत्यांनी एकत्र बसून ठरवलं की विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या मिळतील, मराठवाड्याकडे खास लक्ष दिलं जाईल. चांगला करार होता, पण तो नेत्यांचा एकमेकांना शब्द. तो घेऊन कोर्टात जाता येत नाही. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्यामागची भावना खरी होती, पण 'बिनशर्त'चा हिशेबही असतो. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्यातला अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा मराठवाड्याचा. मंडळं प्रत्यक्षात स्थापन झाली १९९४ मध्ये, म्हणजे तरतुदीनंतर ३८ वर्षांनी, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. विधानसभेच्या २८८ जागांत मराठवाड्याच्या ४६. तेवढ्या बळावर कुठला आग्रह धरणार?

मुखेडपुरतं बोलायचं तर लेंडी नदी घ्या. उदगीरच्या बाजूने येते आणि पुढे मांजरेला मिळते. १९५६ च्या आधी हा सगळा पसारा एकाच राज्यात होता. रेषा आखली आणि ओढ्याएवढी नदी आंतरराज्य झाली. मुखेड तालुक्यात गोणेगावजवळचा लेंडी प्रकल्प महाराष्ट्र आणि आंध्र (आता तेलंगण) यांचा संयुक्त. तो काही दशकं रखडला आणि बुडीत क्षेत्रातली गावं पुनर्वसनाची वाट बघत राहिली. ऑगस्ट २०२५ मधल्या अतिवृष्टीत हसनाळसारख्या गावांत रातोरात पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली. याचं सगळं खापर १९५६ च्या रेषेवर फोडणं बरोबर नाही. पण एका तालुक्याचं पाणी दोन राजधान्यांच्या टेबलांवर ठरतं, तेव्हा त्या तालुक्यातल्या मताचं वजन किती उरतं, हे गोणेगावच्या माणसाला विचारावं.

आता उलटी बाजू. प्रदेशाला नकाराधिकार देणं म्हणजे शहाणपणच, असंही नाही. प्रत्येक विधानसभेला तो दिला असता तर भाषावार राज्यं बनलीच नसती आणि मुखेडचा सातबारा कदाचित आजही हैदराबादच्या हुकमाने निघाला असता. अमेरिकेत तो अधिकार गुलामगिरी टिकवायला वापरला गेला. दक्षिणेतली राज्यं 'राज्यांचे हक्क' म्हणत होती, तेव्हा त्या राज्यांतल्या लाखो माणसांना मोजतच नव्हती. दोन्हीतली एकच निवडायची वेळ आली, तर मांगवाड्यातल्या म्हातारीचं मत मी आधी निवडीन. आंबेडकरांनी आणि संविधान सभेने तेच निवडलं, आणि बरोबर निवडलं.

पण एकच निवडा असं आज कोणी सांगितलेलं नाही. वेगळ्या मराठवाड्याची मागणी असो, नव्या जिल्ह्याची असो की धरणाच्या उंचीची, आपल्याकडे वाद नेहमी 'व्हावं की नको' इथून सुरू होतो. त्याच्या आधीचा प्रश्न विचारायला हवा: हे ठरवताना तिथल्या लोकांना विचारणार कोण, कुठल्या सभागृहात, आणि त्यांनी 'नाही' म्हटलं तर त्या 'नाही'ला काही किंमत असणार का? ऱ्होड आयलंडला ती किंमत होती, म्हणून त्याच्या 'हो'लाही होती.